मुदत नसलेला बंदिवास

गुन्हेगारास शासन करण्याचा अधिकार राज्यसंस्थेस असावा, याविषयीं विचारी माणसांत मतभेद नाहीं. परंतु शिक्षा आणि नुसता बंदिवास या दोन गोष्टी वरकरणी सारख्या दिसल्या तरी त्यांच्यांत मुळांतच भेद आहे. शिक्षेच्या मागें आरोप असतो, पुरावा असतो, बचावाची संधि असते आणि शेवटीं न्यायाधीशानें उच्चारलेली मुदत असते. ती मुदत कितीही लांब असो. कैद्यास दिवस मोजतां येतात व घरीं वाट पाहणाऱ्यांसही ते मोजतां येतात. उलट, ज्या बंदिवासामागें आरोप नाहीं व चौकशी नाहीं, त्यास खऱ्या अर्थानें मुदतही नसते. कारण माणूस काय केल्यामुळें आंत गेला हेंच जेथें ठरलेलें नाहीं, तेथें तो केव्हां बाहेर यावा हें कशावरून ठरवावयाचें? आपल्या कायद्यांत या प्रकारास 'स्थानबद्धता' असें सौम्य नांव आहे. या स्थानबद्धतेचा इतिहास मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्याशीं बराच गुंतलेला आहे, व त्या इतिहासाचें शेवटचें पान अद्याप लिहावयाचें राहिलें आहे.

प्रथम मूळ पाहूं. इंग्लंडांत १६७९ सालीं पार्लमेंटानें हेबियस कॉर्पसचा प्रसिद्ध कायदा केला. कैद्याचें शरीर न्यायाधीशापुढें हजर करा आणि त्यास कोणत्या आधारावर कोंडलें तें सांगा, हें त्याचें सार. पण त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे, त्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. तत्पूर्वीं राज्यकर्ते नकोशा माणसांस समुद्रापलीकडील बेटांत व लष्करी ठाण्यांत पाठवीत असत, कारण तेथें न्यायालयाचा हुकूम पोंचत नसे. १६७९ च्या कायद्यानें ही पळवाट नांव घेऊन बंद केली. म्हणजे मुदत नसलेला बंदिवास आणि दूरचा किल्ला यांचें नातें किती जुनें आहे हें त्या वेळच्या लोकप्रतिनिधींनीं ओळखलें होतें.

हाच इंग्रज हिंदुस्थानांत राज्यकर्ता झाला तेव्हां मात्र त्यानें आपल्या घरचा नियम घरींच ठेविला. बंगाल इलाख्यांत १८१८ चें ३ रें रेग्युलेशन, मद्रासेंत १८१९ चें २ रें व मुंबई इलाख्यांत १८२७ चें २५ वें, असे तीन कायदे झाले. ज्याच्यावर न्यायालयांत खटला भरण्यास पुरेसें कारण नाहीं अशा माणसासही 'राजकीय कारणासाठीं' किल्ल्यांत, तुरुंगांत वा अन्य स्थळीं ठेवण्याची मुभा सरकारानें त्यांत घेतली. किल्ला हा शब्द येथें वाचतांना मालवणकराच्या मनांत कांहीं विचार आल्यावांचून राहणार नाहींत. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम १६६४ सालीं सुरू झालें तें परशत्रूस बाहेर ठेवण्यासाठीं. १८१२ सालीं कोल्हापुरकरांशीं झालेल्या तहानें मालवण इंग्रजांच्या हातीं गेलें. आणि पुढें पंधरा वर्षांच्या आंत मुंबई सरकारच्या कायद्यानें किल्ल्याकडे पाहण्याची दृष्टि पार बदलली. तट तेच, पण आतां शत्रु आंत व पहारा बाहेर.

या पद्धतीचा राजेशाही नमुना रत्नागिरीस पाहावयास मिळाला. १८८५ सालीं ब्रह्मदेशाचें राज्य इंग्रजांनीं जिंकलें आणि तेथील राजा थिबा यास कुटुंबासह प्रथम मद्रासेस व १८८६ सालीं रत्नागिरीस आणलें. दिल्लीच्या बहादुरशहावर निदान खटल्याचा देखावा तरी झाला होता. थिबावर तोही झाला नाहीं. त्यास तनखा होता, नोकरचाकर होते, १९१० सालीं समुद्राकडे तोंड करून बांधलेला राजवाडाही मिळाला. नव्हते ते केवळ दोन शब्द: कशासाठीं आणि केव्हांपर्यंत. तीस वर्षें त्या प्रश्नांचें उत्तर न मिळतां १९१६ च्या डिसेंबरांत राजा तेथेंच वारला. बंदिवास सुखाचा असला म्हणजे तो न्यायाचा होतो असें मानणाऱ्यांनीं एकदां थिबा राजवाड्याच्या सज्जांत उभें राहून समुद्राकडे पाहावें.

राजांची ही कथा. प्रजेची याहून बोधप्रद आहे. १८९७ च्या जून महिन्यांत पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली. पुढील महिन्याच्या अखेरीस दोन दिवसांच्या आंत दोन प्रकारच्या अटका झाल्या. लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून धरलें. त्यांच्यावर उघड न्यायालयांत ज्यूरीपुढें खटला चालला व दीड वर्षाची शिक्षा झाली. बळवंतराव व तात्यासाहेब या नातू बंधूंस मात्र त्याच १८२७ च्या रेग्युलेशनाखालीं उचललें. त्यांच्यावर आरोपही नाहीं व खटलाही नाहीं. टिळकांच्या खटल्यांत न्याय झाला असें कोणीही मराठी माणूस म्हणणार नाहीं. तथापि परिणाम पाहा. दोषी ठरलेले टिळक १८९८ च्या सप्टेंबरांत घरीं आले. ज्यांच्यावर कांहींच शाबीत झालें नव्हतें, किंबहुना कांहीं शाबीत करण्याचा यत्नही झाला नव्हता, ते नातू बंधु १८९९ सालापर्यंत अडकून पडले. वाईट न्यायालयसुद्धां न्यायालयाच्या अभावापेक्षां बरें, हें या एका उदाहरणावरून दिसून येतें. १८९७ सालीं अमरावतीस भरलेल्या राष्ट्रीय सभेनें या रेग्युलेशनांविरुद्ध ठराव केला, तो यामुळेंच.

पुढें १९०७ सालीं लाला लजपतराय यांस बंगालच्या रेग्युलेशनाखालीं मंडालेस धाडलें, आणि १९१९ सालीं रौलट कायदा आला. वरिष्ठ कायदेमंडळांतील सर्व बिनसरकारी हिंदी सभासदांनीं त्याच्या विरुद्ध मतें दिलीं, तरी सरकारी मतांच्या बळावर तो संमत झाला. जीना व मालवीय यांनीं सभासदत्वाचे राजीनामे दिले. त्या वेळचें कायदेमंडळ दुबळें होतें, त्यास कायदा अडवितां येत नव्हता. परंतु आपण कशास नाहीं म्हणत आहों हें त्यास पुरतें कळत होतें. रौलट कायदा १९२२ सालीं रद्द झाला, त्यामागें या नकाराचेंही बळ होतें.

मुदत ही वस्तु सरकारच्या एकट्याच्या हातीं राहिली म्हणजे ती कशी ताणली जाते याचें उदाहरण पुन्हा या किनाऱ्यानेंच पाहिलें. सावरकर यांस १९२४ च्या जानेवारींत येरवड्याहून सोडलें तें दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडावयाची नाहीं व राजकारणांत भाग घ्यावयाचा नाहीं. मुदत पांच वर्षांची होती. सांप्रतचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा निघाला. तोंवर मालवण, देवगड, वेंगुर्लें हे तालुके त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दींत होते. सावरकरांस पूर्वीं शिक्षा झालेली होती, त्यामुळें त्यांची गोष्ट नातूंहून भिन्न आहे, हें खरें. पण पांच वर्षें संपलीं तेव्हां ती मुदत वाढविली गेली, पुन्हा वाढविली गेली, आणि पांचांचीं तेरा वर्षें होऊन ते १९३७ सालीं मोकळे झाले. त्यांच्या राजकीय मतांविषयीं कोणाचें कांहींही मत असो. पांच म्हणजे तेरा हें गणित कोणत्याही न्यायालयांत टिकलें नसतें. तें टिकलें, कारण तेथें न्यायालयच नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थान संरक्षण नियमांच्या २६ व्या नियमाखालीं हजारों माणसें स्थानबद्ध झालीं. मुंबई इलाख्यांतील केशव तळपदे यांनीं त्यास आव्हान दिलें, आणि १९४३ च्या एप्रिलांत फेडरल कोर्टानें तो नियमच मूळ कायद्याच्या बाहेरचा ठरविला. यावर सरकारनें काय करावें? कैद्यांस सोडावें किंवा त्यांच्यावर खटले भरावे. त्यानें यांपैकीं कांहींच न करितां वटहुकूम काढून मूळ कायदाच नियमाच्या मापाचा करून घेतला. टोपी डोक्यास बसेना म्हणून डोकें तासण्यासारखा हा प्रकार झाला.

स्वराज्य आल्यावर हें सर्व संपेल अशी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाहीं, आणि कां झाली नाहीं हें समजून घेणें अवश्य आहे. घटना समितीनें व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमांतून 'योग्य न्यायपद्धति' या अर्थाचे शब्द गाळून 'कायद्यानें प्रस्थापित कार्यपद्धति' असे शब्द घातले. त्यामुळें कायदेमंडळ जो कायदा करील तोच प्रमाण झाला. हा दोष डॉ. आंबेडकर यांनीं ओळखला होता. त्यांचें मूळ गांव आंबडवें हें याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतलें. १९४९ च्या सप्टेंबरांत त्यांनीं नवें कलम मांडलें, व जें गमावलें त्याची ही कांहीं भरपाई आहे अशा आशयाचें समर्थन केलें. तेंच आजचें २२ वें कलम. धरलेल्या माणसास चोवीस तासांच्या आंत न्यायाधिकाऱ्यापुढें उभें करावें, त्यास वकील द्यावा, हें त्यांत आहे. परंतु हे दोन्ही हक्क स्थानबद्धास लागू नाहींत, हेंही त्याच कलमांत आहे. स्थानबद्धास सल्लागार मंडळापुढें न नेतां तीन महिनेपर्यंत ठेवतां येतें. शांततेच्या काळांतसुद्धां स्थानबद्धतेस मूलभूत हक्कांच्या प्रकरणांतच जागा देणारी अशी राज्यघटना विरळा.

घटना अमलांत येऊन महिना लोटतो न लोटतो तोंच, १९५० च्या फेब्रुवारींत, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला. तो एका वर्षापुरता होता. पुनःपुन्हा वाढवीत तो १९६९ च्या अखेरीपर्यंत चालला. सावरकरांच्या पांच वर्षांचीं तेरा झालीं होतीं; या कायद्याच्या एका वर्षाचीं जवळजवळ वीस झालीं. सरकार परकें होतें तेव्हांचा गुण स्वकीय सरकारांतही उतरला तो असा.

याच काळांत तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीजांची लष्करी न्यायालयें आपलें काम करीत होतीं. १९४६ सालीं त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांस लष्करी न्यायालयानें आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालांतील पेनिशच्या किल्ल्यांत पाठविलें. १९५५ सालीं बांद्याच्या वाटेनें सत्याग्रही पत्रादेवीस गेले. त्या चळवळींत धरले गेलेले ना. ग. गोरे, मधु लिमये प्रभृति आग्वादच्या किल्ल्यांत १९५७ पर्यंत होते. मोहन रानडे यांस १९५५ सालीं पकडलें व २६ वर्षांची शिक्षा देऊन पुढें लिस्बनजवळील काशियशच्या किल्ल्यांत ठेविलें. १९६१ च्या १९ डिसेंबरास गोवा मुक्त झाला, तरी रानडे मुक्त झाले नाहींत. ज्या राज्याविरुद्ध ते लढले तें गोव्यांतून नाहीसें झाल्यावरही सात वर्षें, १९६९ च्या जानेवारीपर्यंत, ते त्या राज्याच्या किल्ल्यांतच होते. सिंधुदुर्गांतील ज्या घरांनीं सत्याग्रह्यांस जेवूं घातलें, त्या घरांत सालाझारच्या लष्करी कोर्टाचा संताप न्याय्य होता. मात्र दुसऱ्याच्या किल्ल्यावर संतापणाऱ्यानें आपल्या कायद्याकडेही डोळे उघडून पाहिलें पाहिजे.

तें पाहण्याचा प्रसंग लौकरच आला. वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ च्या जानेवारींत निधन पावेपर्यंत राजापूर मतदारसंघाचे लोकसभेंतील प्रतिनिधि होते. त्यांच्या मागून त्याच वर्षीं प्राध्यापक मधु दंडवते निवडून आले. हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत. तें महाविद्यालय डॉ. आंबेडकरांनींच काढलेल्या संस्थेचें. त्याच १९७१ सालीं 'मिसा' हा नवा स्थानबद्धता कायदा झाला. १९७५ च्या जूनच्या २५ तारखेस आणीबाणी पुकारली गेली, तेव्हां दंडवते संसदेच्या समितीच्या कामासाठीं बंगलोरास होते. वाजपेयी, अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांस तेथेंच अटक झाली. मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडीच्या मतदारांनीं ज्यास कायदे करण्यासाठीं धाडलें, तोच कायद्याच्या नांवानें कोंडला गेला. त्याच्या अपराधाचा निवाडा कोणत्याही न्यायालयांत झाला नाहीं. त्या काळांत एकट्या मिसाखालीं ३४,९८८ माणसें स्थानबद्ध झाल्याची नोंद शहा आयोगानें केली.

या चौघांनीं कर्नाटकाच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली. नऊ उच्च न्यायालयांनीं निरनिराळ्या प्रकरणांत स्थानबद्धांची बाजू ऐकून घेण्याचें ठरविलें. परंतु १९७६ च्या एप्रिलच्या २८ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतानें सांगितलें कीं, आणीबाणींत स्थानबद्धास न्यायालयाचें दार ठोठावण्याचा अधिकारच नाहीं. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध गेले. पुढें ज्येष्ठता असूनही त्यांस सरन्यायाधीशपद मिळालें नाहीं. बहुमतांत न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें तो जुना निर्णय चुकीचा ठरविला, आणि तें लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड त्यांचेच चिरंजीव. न्यायालय आपली चूक एकेचाळीस वर्षांनीं कां होईना सुधारतें. कायदेमंडळाचें काय?

कायदेमंडळानेंही एकदां सुधारणा केली होती. १९७७ सालीं दंडवते तुरुंगांतून येऊन रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या पक्षाच्या सरकारनें १९७८ सालीं मिसा रद्द केला, आणि ४४ वी घटनादुरुस्ति संसदेकडून संमत करून घेतली. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतही निलंबित होणार नाहीं, ही तरतूद तिच्यामुळेंच आली व ती लागू आहे. परंतु तिच्या ३ ऱ्या कलमांत दुसरी एक महत्त्वाची गोष्ट होती. सल्लागार मंडळाविना ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर यावी. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनें बनावें. अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश असावा. १९७९ च्या एप्रिलच्या ३० तारखेस राष्ट्रपतींची संमति मिळाली. हें कलम अमलांत आणण्यास फक्त राजपत्रांत एक अधिसूचना हवी होती. ती आजतागायत निघालेली नाहीं.

मध्यंतरीं १९८० सालीं राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. त्याखालीं धनबादचे खासदार ए. के. रॉय यांस स्थानबद्ध केलें, व त्यांच्या खटल्यांत १९८१ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, हें कलम लागू करा असा हुकूम आम्ही सरकारास देऊं शकत नाहीं. म्हणजे न्यायालयाचा मार्ग संपला. उरला तो लोकप्रतिनिधींचा. आणि येथें कोणत्याही एका पक्षाकडे बोट दाखवून भागत नाहीं. ज्यांनीं आणीबाणी आणली त्यांनीं अधिसूचना काढली नाहीं, हें समजण्यासारखें आहे. पण १९८९-९० सालीं दंडवते स्वतः अर्थमंत्री होते, आणि १९९८ ते २००४ या काळांत बंगलोरच्या तुरुंगांतील त्यांचे सोबती वाजपेयी पंतप्रधान व अडवाणी गृहमंत्री होते. तरी ती निघाली नाहीं. सत्तेच्या खुर्चींतून तुरुंगाची खिडकी दिसेनाशी होते, असेंच म्हणावें लागतें.

यावर आक्षेप येईल कीं, काळ कठीण आहे, शत्रु निर्दय आहे, आणि पुराव्याची वाट पाहत बसलें तर अनर्थ होईल. हा आक्षेप हलका नाहीं. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला करणारे याच अरबी समुद्रावरून आले. परंतु त्यांतील जिवंत सांपडलेल्या कसाबाचें आपण काय केलें? त्यास वकील दिला, मुंबईंत खटला चालविला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचें म्हणणें ऐकलें, आणि २०१२ च्या नोव्हेंबरांत येरवड्यास कायद्यानें फांशी दिली. चार वर्षांत प्रकरण संपलें. आतां अमेरिकेचें पाहा. तिनें २००२ च्या जानेवारींत क्यूबा बेटावरील ग्वांटानामोच्या लष्करी तळावर तुरुंग उघडला, तो न्यायालयाचा हात पोंचूं नये म्हणूनच. १६७९ सालीं बंद झालेली पळवाट तिनें पुन्हा उघडली. सुमारें ७८० माणसें तेथें ठेविलीं. बहुतेकांवर कधींच आरोप ठेवला गेला नाहीं. २००८ सालीं तिच्याच सर्वोच्च न्यायालयानें त्यांचा हेबियस कॉर्पसचा हक्क मान्य केला. २००९ सालीं अध्यक्ष ओबामा यांनीं वर्षाच्या आंत तो तुरुंग बंद करण्याचा हुकूम काढला. तेथील कायदेमंडळानें कैद्यांच्या स्थलांतरास पैसा नाकारून तो हाणून पाडला. २०२५ च्या आरंभीं पंधरा कैदी तेथें उरले होते, आणि ज्यांनीं २००१ चा हल्ला रचला असें म्हणतात त्यांचा खटला तेव्हांही निकालास लागला नव्हता. कोणत्या मार्गानें देशाची अब्रू राहिली आणि मृतांच्या आप्तांस न्याय मिळाला, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

राष्ट्रीय सुरक्षा कायद्यांत बारा महिन्यांची कमाल मर्यादा आहे, ही गोष्ट मान्य आहे. पण नव्या कारणावर नवा हुकूम काढतां येतो, आणि कारणें खरीं कीं खोटीं हें उलटतपासणींत कधींच पारखलें जात नाहीं. आपल्या राज्याच्या १९८१ च्या कायद्यानें झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादिकांसाठीं तोच उपाय जवळ केला आहे. जो उपाय देशाच्या रक्षणासाठीं म्हणून मागून घेतला, तो गांवच्या हातभट्टीपर्यंत उतरला, हें त्याच्या सोईचेंच लक्षण होय. सोय ही न्यायाची जुनी सवत आहे.

स्थानबद्धतेचा सर्व कायदा आजच उखडावा, अशी मागणी करणारे आहेत, व त्यांचा पक्ष मला बळकट वाटतो. परंतु ज्यांस तितकें दूर जातां येत नाहीं त्यांनीं निदान येथपर्यंत तरी यावें: संसदेनें स्वतः संमत केलेलें, राष्ट्रपतींनीं मान्य केलेलें ४४ व्या घटनादुरुस्तीचें ३ रें कलम अमलांत आणावें. त्यास नवा कायदा नको, नवी चर्चा नको, खर्चही नको. कोणत्याही खासदारानें अधिवेशनांत उभें राहून गृहखात्यास एवढेंच विचारावें कीं, १९७९ पासून ही अधिसूचना कोठें अडली आहे. ज्या किनाऱ्यावर थिबा वारला, ज्या जिल्ह्याच्या हद्दींत पांचांचीं तेरा वर्षें झालीं, ज्या मतदारसंघाचा प्रतिनिधि बंगलोरच्या कोठडींत आरोपावांचून बसला, त्या भूमीच्या प्रतिनिधीनें तो प्रश्न प्रथम विचारावा हें सर्वथा उचित होईल.